वायू : दत्तप्रभूंचा दुसरा गुरू

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥



श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात यदुराजाला एक अवधूत भेटतो आणि आपल्या चोवीस गुरूंची नावे सांगतो. तो अवधूत म्हणजेच आपले दत्तमहाराज, ही आपल्या संप्रदायाची श्रद्धा. पहिला गुरू पृथ्वी, दुसरा वायू. प्रवचनांतून पिंगला, कपोत, अजगर, मधमाशी यांच्या वाट्याला भरपूर वेळ येतो, कारण त्यांच्या गोष्टी रंगवून सांगता येतात. वायूला मात्र दोन मिनिटांत आटोपतात. वारा सुगंधावरून जातो, घाणीवरूनही जातो, पण चिकटत कशालाच नाही, साधूने तसे राहावे. एवढे सांगितले की लगेच पुढे आकाश.

पण अवधूताने वायू दोन सांगितले आहेत, एक बाहेरचा आणि एक आतला. आतला म्हणजे प्राण. तो देह चालण्यापुरतेच मागतो, जिभेचे चोचले मागत नाही, हा त्याचा गुण. यंदा मला या आतल्या वायूविषयी लिहायचे आहे. कोविडच्या दोन वर्षांनी आपल्यापैकी प्रत्येकाला श्वासाची किंमत कळली, पण श्वास चालतो कसा हे कळून घ्यायचे राहूनच गेले. ते कळले तर दुसऱ्या गुरूचे बोलणे अधिक चांगले समजते, असा माझा अनुभव आहे.

आधी एक हिशेब. आपल्या परंपरेत दिवसरात्र मिळून २१,६०० श्वास सांगितले आहेत आणि प्रत्येक श्वासाबरोबर आपोआप चालणाऱ्या जपाला अजपाजप म्हटले आहे. मी पडलो कॉमर्सचा माणूस, आकडा दिसला की पडताळून पाहायची खोड. मिनिटाला १५, तासाला ९००, चोवीस तासांत २१,६००. बरोबर जुळते. निवांत बसलेला मोठा माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो असे डॉक्टर सांगतात. एका श्वासात अर्धा लिटर हवा धरली तर दिवसाला १०,८०० लिटर झाली. एवढी उलाढाल रोज आपल्या नावावर होते आणि आपल्याला त्याची गंधवार्ता नसते.

या आकड्यावरून एक समजूत मात्र फार पसरली आहे. देवाने श्वास मोजून दिलेत, ते पुरवून पुरवून वापरावेत, म्हणजे आयुष्य वाढते. आमच्या देवळातले एक गृहस्थ याच हिशेबाने सकाळी श्वास कोंडून बसायचे. भक्तहो, श्वास म्हणजे मुदत ठेव नव्हे. तापाने फणफणलेले मूल दुप्पट श्वास घेते, जिना चढणारा आजोबा घेतो. म्हणून त्यांच्या खात्यातून कोणी काही वजा करून घेत नाही. शरीराला त्या वेळी जेवढी गरज, तेवढा श्वास. प्राण देहापुरते मागतो म्हणतात ते हेच.

मग ही गरज ओळखतो कोण? फुफ्फुस स्वतःहून फुगत नाही. ते लोहाराच्या भात्यासारखे, कोणीतरी ओढले तर भरणार. ओढणारे मुख्य अंग म्हणजे श्वासपटल, छाती आणि पोट यांच्या मधला घुमटासारखा स्नायू. तो खाली सरकला की हवा आत येते, सैल पडला की बाहेर जाते. बरगड्यांमधले स्नायू त्याला मदत करतात. श्वासपटलाला हुकूम आणणारा मज्जातंतू निघतो मानेतून, तिसऱ्या ते पाचव्या मानेच्या मणक्यांच्या पातळीवर. काम पोटाजवळ आणि तार मानेतून! म्हणून अपघातात मान वरच्या बाजूला मोडली की श्वासच थांबतो. अपघातग्रस्ताची मान हलवू नका असे बजावतात त्याचे हेही एक कारण.

आणि हुकूम सुटतो मेंदूच्या अगदी तळाशी, जिथे मेंदू संपून पाठीचा कणा सुरू होतो तिथून. शाळेच्या पुस्तकात त्याला मस्तिष्कपुच्छ म्हणतात, डॉक्टर मेडुला म्हणतात. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी लेगालोआ या फ्रेंच वैद्याने दाखवून दिले की वरचा मोठा मेंदू काढला तरी प्राण्याचा श्वास चालू राहतो, पण या तळच्या भागाला धक्का लागला की थांबतो. पुढे १९९१ मध्ये शास्त्रज्ञांनी त्या भागातला काही हजार पेशींचा एक पुंजका शोधला. श्वासाचा ताल तिथे धरला जातो. त्याला नाव दिले आहे प्री-बॉट्झिंगर. शेजारच्या पुंजक्याचे बॉट्झिंगर हे नाव जर्मनीतल्या एका परिषदेत टेबलावर असलेल्या वाइनच्या बाटलीवरून ठेवले गेले होते, आणि त्यालाच 'प्री' जोडून या पुंजक्याचे नाव झाले. साहेबांच्या तऱ्हा! पण त्या पेशी जन्मापासून एक क्षण रजा न घेता टाळ वाजवत बसल्या आहेत, त्यांना नावाचे काय?

आता मुख्य गोष्ट. हृदय आपल्या इच्छेने थांबत नाही, आतडी आपल्या सांगण्यावरून हलत नाहीत. हात उचलणे सर्वस्वी आपल्या हाती. श्वासाचे तसे नाही. तो आपोआप चालतो आणि आपण ठरवले तर आपल्या सांगण्याने लांबतो, थांबतो, जोरात होतो. बँकेत जॉइंट खाते असते ना, दोघांपैकी कोणीही सही करावी, तसा प्रकार. एक सही मस्तिष्कपुच्छाची, दुसरी वरच्या मेंदूची, म्हणजे आपल्या इच्छेची. दोन्हींच्या वाटाही वेगळ्या आहेत. काही बाळे जन्मतःच अशी असतात की जागेपणी बऱ्यापैकी श्वास घेतात, पण झोप लागली की श्वास अपुरा पडतो, आणि त्यांना रात्री यंत्र लावावे लागते. २००३ मध्ये त्यामागचा जनुकातला दोष सापडला. त्या बाळांच्या बाबतीत पहिली सही चालत नाही. उलटे रुग्णही पाहिले गेले आहेत. ते झोपेत, जागेपणी नीट श्वास घेतात, पण 'मोठा श्वास घ्या' म्हटले तर त्यांना घेता येत नाही, आणि हसू आले की मात्र तोच श्वास बदलतो. हसणे, हुंदका यांच्या वाटा आणखी निराळ्या.

हे वाचले तेव्हा मला प्रथम कळले की आपल्या पूर्वजांनी साधनेसाठी श्वासच का धरला. देहाच्या आत चाललेल्या सगळ्या कारभारात देवाने जीवाला सहीचा थोडा अधिकार दिला असेल, तर तो इथे.

पण थोडाच, बरं का. श्वास धरून बघा. साध्या माणसाला मिनिटभर धरला तरी पुरे होते. मग आतून ढुशा बसायला लागतात, श्वासपटल स्वतःच आकसू लागते, आणि आपण कितीही हट्टी असलो तरी तोंड उघडतोच. रडता रडता श्वास अडकलेले नातवंड क्वचित निळे पडून शुद्ध हरपते, आणि शुद्ध हरपली की श्वास आपला आपण सुरू होतो. (तरी अशा मुलाला डॉक्टरांना दाखवावे.) आपली सही काढून घेतली जाते, मालकाची चालू राहते.

ती काढून घेण्याची वेळ कशावरून ठरते? आपल्याला वाटते प्राणवायू संपला म्हणून जीव घुसमटतो. तसे नाही. हॉल्डेन आणि प्रीस्टली या दोन इंग्रजी भाषक शास्त्रज्ञांनी १९०५ मध्ये दाखवले की रोजच्या श्वासाचा लगाम कार्बन डायऑक्साइडच्या हाती आहे. तो रक्तात जरासा वाढला की मस्तिष्कपुच्छाजवळच्या पेशींना वाढलेली आम्लता जाणवते आणि श्वास वाढतो. प्राणवायूवर नजर ठेवणारे वेगळे पहारेकरी मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीच्या फाट्यावर बसलेले आहेत. त्यांचे काम उलगडल्याबद्दल बेल्जियमच्या हेमन्स यांना १९३८ चे नोबेल मिळाले. पण हे पहारेकरी प्राणवायू बराच उतरेपर्यंत फारसा आरडाओरडा करत नाहीत.

कोविडमध्ये आपण सगळ्यांनी हे डोळ्यांनी पाहिले. बोटाला लावलेल्या यंत्रात ८५, आणि माणूस खाटेवर बसून फोनवर गप्पा मारतोय! घरचे म्हणायचे यंत्र बिघडलंय. यंत्र ठीक होते. प्राणवायू उतरला होता, पण कार्बन डायऑक्साइड बाहेर जात होता, म्हणून धाप लागल्याची घंटाच वाजली नाही. त्या वेळी 'मला काही होत नाही' यावर विसंबून किती माणसे उशिरा दवाखान्यात पोहोचली, ते आपण जाणतो.

याचाच दुसरा धोका नदीकाठच्या मुलांना सांगायला हवा. वाडीला, औदुंबरला घाटावर पोरे पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतो अशी पैज लावतात. बुडी मारण्यापूर्वी भराभर दहावीस श्वास घेतात. त्याने प्राणवायूचा साठा फारसा वाढत नाही. कार्बन डायऑक्साइड मात्र धुतला जातो. घंटा वाजण्याआधीच पाण्याखाली शुद्ध जाते. पट्टीचे पोहणारे असे जातात, आणि काठावर कोणाला कळतही नाही.

घरात बसून जोरजोराने भस्त्रिका, कपालभाती करणाऱ्यांना चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात, तेही बऱ्याचदा कार्बन डायऑक्साइड उतरल्यामुळे. काही जण त्याला शक्ती जागी झाली म्हणतात. माझे मत स्पष्ट आहे. साठी उलटल्यावर, रक्तदाब किंवा हृदयविकार असताना, मोबाइलवर पाहून कुंभक करू नये. हठयोगप्रदीपिकेतही सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू माणसाळवतात तसा प्राण वश करावा, नाहीतर तोच साधकाचा घात करतो, अशा अर्थाचा इशारा आहे. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम काढले, ते योगक्रिया उपकरणे लावून तपासण्यासाठीच. जाणत्याच्या समोर बसून शिकावे.

मग आपल्या वाट्याच्या सहीचे करायचे काय? माझे उत्तर, मोठ्याने नाम घ्यावे. बोलणे, गाणे उच्छ्वासावरच होते. नाम लांबवले की उच्छ्वास लांबतो, श्वास संथ होतो, आणि कोंडावे काहीच लागत नाही. उच्छ्वासाच्या वेळी व्हेगस नावाच्या मज्जातंतूकडून हृदयाला सबुरीचा निरोप जातो आणि ठोके किंचित मंदावतात. इटलीतले डॉक्टर बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३ निरोगी माणसांकडून एकदा ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि एकदा आपल्याकडचा मंत्र म्हणवून घेतला. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि हृदयाच्या, रक्तदाबाच्या लयी त्याच्याशी जुळल्या. २००१ च्या डिसेंबरात ते ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आले. याने दत्तनामाचा महिमा सिद्ध झाला असे मी म्हणणार नाही. तसे असते तर लॅटिनने तेच कसे केले असते? नामाचा महिमा डॉक्टरांच्या दाखल्यावर अवलंबून नाही. पण पालखीच्या वेळी 'दिगंबरा'चा गजर संथ ठेवा, शेवटी तो धावत नेऊन संपवू नका, एवढी विनंती त्यावरून करावीशी वाटते. आणि गजरात दमेकरी मंडळींना दाराजवळची जागा द्या. धुपाच्या धुराने श्वासनळीतल्या तंतूंना टोचले की खोकला येणारच. ती नळीची राखण आहे, भक्तीत आणलेला व्यत्यय नव्हे. धूप थोडा कमी घातला तर महाराज रागावणार नाहीत.

महाप्रसादाविषयीही एक सांगतो. प्रत्येक घास गिळताना श्वास क्षणभर थांबतो, श्वासनळीवर झाकण पडते, घास उतरला की बहुधा उच्छ्वासाने श्वास पुन्हा चालू होतो. हे सगळे एका प्रतिक्षिप्त क्रियेत होते. घास तोंडात असताना बोललो, हसलो तर तोच श्वास आत ओढला जातो आणि ठसका लागतो. तरुणाला ठसक्यावर निभावते. वयपरत्वे हा मेळ ढिला होतो आणि शीत थेट छातीत जाते. पंक्तीत वाढप्यांनी म्हाताऱ्या माणसाला 'काका, आणखी जिलबी?' म्हणून घास तोंडात असताना उत्तर द्यायला लावू नये.

आणि उसासे! घरात कोणी उसासा टाकला की आपण लगेच विचारतो, काय झालं? शास्त्र म्हणते, काहीही न होता माणूस दर पाचेक मिनिटांनी एक खोल श्वास घेतच असतो. फुफ्फुसातले मिटलेले बारीक फुगे त्याने पुन्हा उघडतात. तेव्हा प्रत्येक उसाशाचा अर्थ लावत बसू नये, विशेषतः सासूने सुनेच्या.

आता ज्यासाठी हे सगळे लिहिले, त्याकडे येतो.

माझी आई गेली तेव्हा ८७ वर्षांची होती. हृदय थकले होते. तिच्याच इच्छेने तिला घरी ठेवले होते. शेवटच्या दोन रात्री तिचा श्वास चमत्कारिक चालू लागला. आधी हलका, मग मोठा, आणखी मोठा, पुन्हा उतरत उतरत इतका बारीक की बंदच. आम्ही घड्याळ बघायचो. दहा सेकंद, वीस सेकंद. गेली म्हणून कोणी हुंदका द्यावा, तोच पुन्हा सुरू. अशाने घरच्यांची काय अवस्था होते ते अनुभवलेल्यालाच ठाऊक.

मावशी उशाशी होती. ती म्हणाली, "जीव अडकलाय तिचा. धाकट्यात अडकलाय." धाकटा भाऊ आखातात नोकरीला, सुटी मिळत नव्हती. मावशीने त्याला फोन लावला आणि सांगितले, "तुझ्यासाठी प्राण जात नाहीत रे तिचे." पलीकडून भावाचे रडणे मला इकडे ऐकू आले.

त्याच संध्याकाळी आमचे घरचे डॉक्टर आले. त्यांनी बसून समजावले. या श्वासाला चेन-स्टोक्स म्हणतात. १८१८ मध्ये एकाने आणि १८५४ मध्ये दुसऱ्याने तो लिहून ठेवला, त्यांची नावे. हृदय थकले की रक्त हळू फिरते. फुफ्फुसाजवळचे रक्त मेंदूजवळच्या पहारेकऱ्यांपर्यंत उशिरा पोहोचते. कार्बन डायऑक्साइड वाढल्याची खबर उशिरा मिळते, म्हणून ते गरजेपेक्षा जास्त श्वास घ्यायला लावतात. तो धुतला गेल्याचीही खबर उशिराच, मग ते गरजेपेक्षा जास्त वेळ थांबतात. गावोगावच्या शाखांची टपाले आठवडाभर उशिरा यायची तेव्हा आमच्या खतावण्या अशाच एकदा इकडे, एकदा तिकडे कलंडायच्या. मला ते झटकन कळले. गळ्यात घरघर लागली होती, तिच्याविषयीही ते म्हणाले, खोकण्याची आणि गिळण्याची क्रिया मंदावली की थुंकी तिथेच साचते. ऐकणाऱ्याला जेवढा त्रास होतो तेवढा बहुधा त्यांना होत नसतो.

मी रात्री भावाला फोन करून हे सगळे जसेच्या तसे सांगितले. तो खूप वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे दादा, ती माझ्यासाठी थांबलेली नाही?" मी म्हटले, "नाही रे. आई मोकळी आहे." पहाटे दोन श्वासांतले अंतर वाढत गेले आणि पुढचा श्वास आला नाही.

भक्तहो, जो वायू कशालाच चिकटत नाही म्हणून दत्तप्रभूंनी त्याला गुरू केले, तो आपल्या आईच्या देहात एखाद्या मुलात, एखाद्या दागिन्यात, राहून गेलेल्या एखाद्या इच्छेत अडकून बसतो, हे आपण कुठल्या तोंडाने म्हणायचे? अडकतो तो उशाशी बसलेल्यांचा जीव. आणि 'तुझ्यात अडकला' हे वाक्य ज्याला ऐकवले जाते, तो ते जन्मभर वागवतो. घरोघर असे मुलगे, अशा मुली, अशा सुना आहेत. तुमच्या घरात कोणाला असे ऐकवले गेले असेल, तर कृपा करून त्याला बोलावून घ्या आणि श्वासाची ही हकीकत सांगा.

राहिली तीर्थाची गोष्ट. शेवटच्या घटकेला मुखात गंगाजल घालण्याची आपली रीत आहे, ती सोडा असे मी म्हणत नाही. पण अशा वेळी गिळण्याची क्रिया जवळजवळ गेलेली असते. चमच्याने ओतलेले पाणी श्वासनळीत उतरते आणि ज्याला शांतपणे जाऊ द्यायचे त्याचीच घुसमट होते. आमच्याकडे डॉक्टरांनी हे आधीच सांगून ठेवले होते. म्हणून गंगाजलात कापसाचा बोळा भिजवून, घट्ट पिळून, आम्ही आईच्या ओठांवरून फिरवत होतो. तुळशीचे पान छातीवर ठेवले होते. मान एका कुशीवर किंचित वळवली तेव्हा घरघरही बरीच कमी झाली. मावशीने त्यानंतर काही म्हटले नाही. ती पायाशी बसून, तिच्या त्या जुन्या चालीवर, सावकाश दत्तनाम म्हणत राहिली.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥